आड, बोअर, आरओ: आपल्या हंड्यातलं पाणी कसं बदलत गेलं

आता आपल्याकडं कुणाच्याही घरी जा, पाणी दोन प्रकारचं असतंच, वापरायचं बोअरचं आणि प्यायचं जारचं. पोरांना वाटतं हे पहिल्यापासून असंच आहे. पण माझ्या आजीच्या घोट्यावर नारूचा वण होता, तो बघितला की कळायचं पाण्याची भीती तेव्हा वेगळीच होती.

नारू यायचा पायऱ्यांच्या विहिरींतून, बारवांतून. नारू झालेला माणूस पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवायचा, जखमेतून अळ्या पाण्यात जायच्या, तिथं त्या सायक्लॉप्स नावाच्या बारक्या पाणकिड्याच्या पोटात, आणि तेच पाणी दुसरं कुणी प्यायलं की वर्षभरानं त्याच्या पायातून हातभर दोऱ्यासारखा किडा बाहेर. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजायचा. आज्या पाणी दुहेरी फडक्यानं गाळायच्या ते उगीच नाही, दाट कापडात सायक्लॉप्स अडकतो. पुढं सरकारी मोहिमेत पायऱ्या बंद केल्या, पाण्यात औषध टाकलं आणि हातपंप आले. देशातला शेवटचा रुग्ण 1996 चा, 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

हातपंपाची गोष्ट तर आपल्या जालन्याची आहे आणि आपल्यालाच माहीत नाही याचं वाईट वाटतं. तिथल्या ख्रिस्ती मिशनच्या लोकांनी ओतीव लोखंडाचे सारखे मोडणारे पंप सोडून पोलादी पंप बनवला, जालना पंप, त्याच्यावरून सोलापूर पंप, आणि युनिसेफच्या मदतीनं 1970 च्या दशकात इंडिया मार्क टू, जो नंतर जगभर गेला. 1972 च्या दुष्काळात आड आटले तेव्हा गावोगाव बोअर पाडायला सुरुवात झाली आणि झाकलेलं, जंतू कमी असलेलं पाणी मिळालं, लई मोठं काम झालं ते.

पण मंग दुसरंच सुरू झालं. आड पावसाच्या पाण्यानं भरायचा, बोअरचं पाणी काळ्या पाषाणाच्या भेगांत कितीतरी वर्षं मुरलेलं, त्यात कॅल्शियम मॅग्नेशियम विरघळलेलं, म्हणजे जड पाणी. म्हणून तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस नाही, पातेल्याला पांढरा थर. लातूरकडं बोअर सहाशे-सातशे फुटांवर गेले, किनवटकडं फ्लोराइड, त्यानं दातावर डाग पडतात आणि हाडं आखडतात. आणि शेतातल्या खताचं, उकिरड्याचं नायट्रेट वेगळंच, ते ना दिसतं ना चव लागते.

इथंच आपण घोळ करतो, जुन्या रोगाचं औषध नव्या रोगाला लावतो. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, जंतू मरतीलच असं नाही. टीसीएल पावडर, मेडिक्लोर जंतू मारतात, क्षाराला काही करत नाहीत. उकळल्यानं थोडा जडपणा जातो पण नायट्रेट, फ्लोराइड उलट आटून वाढतात, म्हणून बाटलीनं दूध पिणाऱ्या बाळाला असलं पाणी उकळून देणं हा उपाय नाहीच.

आरओ म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून गाळायचं मशीन, ते आलं समुद्राचं खारं पाणी गोडं करायला, 1960 च्या आसपास कॅलिफोर्नियात त्याचा चालणारा पडदा बनला. तो फ्लोराइड, नायट्रेट, क्षार बरंचसं काढतो हे खरं, पण एक लिटरमागं दोन-तीन लिटर बाहेर टाकतो, आणि एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं तो हा मुलूख. भारतीय मानकात टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरमागं 500 मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरी सोयच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्या असं आहे, नायट्रेट मात्र त्याच मापात 45 च्या वर अजिबात नको, फ्लोराइड 1 पर्यंत, फार तर 1.5. विकणारा मात्र नुसता टीडीएसचा पेन बुडवून दाखवतो, आणि त्या पेनाला यातलं फ्लोराइड किती, नायट्रेट किती हे वेगळं कळत नाही, जंतू तर नाहीच.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना तपासणी किट वापरायचं शिकवायचं ठरलंय. तुमच्या ग्रामपंचायतीत ते किट कुठं ठेवलंय ते विचारा, आणि मशीन घ्यायच्या आधी बोअरचं पाणी एकदा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत देऊन या.