मिलच्या भोंग्यापासून पिथमपूरपर्यंत : इंदूरकरांची कामावरची सायकल

आजकाल सकाळी इंदूरच्या वेशीवरच्या राऊच्या बाजूला गेलात तर हेल्मेट, भडक जर्सी आणि पाठीवर लॅपटॉपची बॅग असा एखादा सायकलवाला पिथमपूरच्या कारखान्यांकडे जाताना दिसतो, आणि मग घरोघरी चर्चा, की काय हे नवीन फॅड, दारात गाडी असताना पंचवीस-तीस किलोमीटर सायकल कशाला हाणायची. फॅड म्हणा हवं तर. पण कामावर सायकलने जाणं इंदूरला अजिबात नवीन नाही, नवीन आहे ते अंतर.

जुनं इंदूर म्हणजे कापड मिलचं गाव. मालवा मिल, हुकुमचंद, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, भंडारी, सगळ्या गावातच, आणि कामगार परदेशीपुरा, नंदानगर अशा जवळच्याच वस्त्यांत, त्यामुळे घर ते गेट म्हणजे दोन-चार किलोमीटरचा मामला, भोंगा झाला की पायडल मारायचं. रामबागेतली आपली मराठी कारकून मंडळीही सायकलवरच हापिसात जायची. आधी रॅले, हर्क्युलस अशा विलायती सायकली, मग स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने आले, मद्रासला टीआय सायकल्स 1949 मध्ये, सोनीपतला अ‍ॅटलस 1951 मध्ये, लुधियानाला हीरो 1956 मध्ये, आणि सायकल पगारदार माणसाच्या आवाक्यात आली. ती काळी चोवीस इंची, वजन वीस किलोच्या आसपास, गिअर वगैरे काही नाही. कॅरिअरला जुन्या ट्यूबच्या पट्टीने डबा करकचून बांधलेला, पँट चेनमध्ये जाऊ नये म्हणून पायाला क्लिप, रात्रपाळीला टायरवर घासणारा डायनमो, तो लावला की पायडल जड व्हायचं आणि उतरून ढकलायला लागलं की दिवा गुल!

याला तेव्हा कोणी व्यायाम म्हणत नव्हतं. गंमत म्हणजे त्याच काळात, 1953 मध्ये, लंडनला जेरी मॉरिस या डॉक्टरने बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना छापली होती, दिवसभर डबलडेकरचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी आणि बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना जास्त. कामातली हालचाल हृदयाला उपयोगी पडते हा विचार तिथून जोरात पुढे आला. पुढे 2017 मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या अडीच लाखांवर लोकांची माहिती तपासली, तर कामावर सायकलने जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका गाडी-बसने जाणाऱ्यांपेक्षा 41 टक्के कमी निघाला. आता सायकल चालवणारे मुळातच जरा धडधाकट असतात हेही आलंच, म्हणून सगळं श्रेय सायकलला देऊन टाकू नये, पण आकडा लहान नाही.

इकडे इंदूरला मात्र उलटा खेळ झाला. 1980 च्या दशकात शेजारच्या धार जिल्ह्यात पिथमपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि गावातल्या मिल एकेक करून बंद पडत गेल्या. हुकुमचंद मिल 12 डिसेंबर 1991 ला बंद झाली, कामगारांच्या देण्याचा प्रश्न थेट डिसेंबर 2023 मध्ये मार्गी लागला, म्हणजे माणसं म्हातारी झाली, कित्येक गेली. काम दोन किलोमीटरवरून पंचवीसवर गेलं की गिअर नसलेली चोवीस इंची काय कामाची? मग कंपनीची बस, नाहीतर स्कूटर. आणि स्कूटर कुठे बनत होती, तर पिथमपूरलाच! फिरोदियांची कायनेटिक होंडा, बटण दाबलं की चालू, गिअर नाही, किक मारत बसायला नको. ज्या गावाने इंदूरचं काम लांब नेलं त्याच गावाने सायकल सोडायची सोयही करून दिली, लोक उगाच म्हणतात की पुढची पिढी आळशी झाली.

लांबची सायकल परत आली ती वेगळ्याच दारातून, हौसेच्या. गिअरच्या हलक्या सायकली मिळायला लागल्या, ब्रेव्हेचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला सायकलने गाठायच्या उपक्रमाचं वेड आलं, 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे, आणि तसं रविवारी करणाऱ्याला सोमवारचे पंचवीस म्हणजे काहीच नाही असं वाटायला लागतं. मग 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दुकानात सायकली मिळेनात, आणि त्याच वर्षी 3 जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनाला, अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद झाला. काय म्हणावं याला!

हिशोब तसा सरळ आहे. ताशी वीसच्या वेगाने पंचवीस किलोमीटरला सव्वा तास, जाऊन-येऊन अडीच तास, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला आठवड्याला कमीत कमी 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, तो कोटा एका दिवसात संपला. म्हणून रोज जायचा हट्ट नको, आठवड्यातून दोनदा पुरे. मालव्यातली सकाळ बहुतेक महिने छान गार असते, पण मे महिन्यात दुपारी चाळीसच्या वर गेलेला डांबरी रस्ता परतीच्या वाटेवर जीव काढतो, त्यामुळे उन्हाळ्यात सायकल घरीच बरी.

खरी अडचण रस्त्याची. 2013 मध्ये गावातल्या एबी रोडवर (आग्रा-मुंबई रस्ता) साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठीचा वेगळा रस्ता, सुरू झाला तेव्हा आराखड्यात सायकल ट्रॅकही होता, पण सायकलवाल्यांना तो कधी धड मिळाला नाही, आणि 2025 मध्ये तर अख्खा बीआरटीएसच काढायचं ठरलं. पिथमपूरच्या वाटेवर ट्रक-ट्रॉलेच जास्त, म्हणून जाणारे उजाडता उजाडता निघतात, संध्याकाळी अंधार पडायच्या आत राऊ गाठायचं बघतात आणि मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवतात.