तबलीवरचा दाब आणि बांबूच्या कामट्या

गिटार किंवा मँडोलिन घरी बनवायला घेणारा माणूस आधी करवत, रंधा, पटाशी जमवतो. चिकटवलेले भाग दाबून धरणारे क्लॅम्प आठवतात ते सरस लावून झाल्यावर. माझ्या मते सुरुवात क्लॅम्पपासून करावी. तबलीच्या, म्हणजे वाद्याच्या तारांखालच्या पातळ फळीच्या, आतल्या आधारपट्ट्यांपैकी एक जरी अर्धवट चिकटली, तरी वाद्य वाजवताना खरखरतं, आणि ती पट्टी पुन्हा बसवायला हात आत जेमतेम पोचतो.

सगळ्यांच्या ओळखीचा सी-क्लॅम्प इथे फार उपयोगी नाही. त्याच्या आट्यांमधलं अंतर 2 मिमी आणि दांडा मध्यापासून 5 सेंमी लांब धरा. एका फेऱ्यात हात सुमारे 31 सेंमी फिरतो, स्क्रू मात्र 2 मिमीच पुढे सरकतो. म्हणजे हिशेबाने बळ दीडशे पट. घर्षणात त्यातलं बरंच जातं, तरी उरलेलं बळ स्प्रूससारख्या मऊ लाकडात खळगा पाडायला पुरतं. शिवाय लोखंडी चौकट ताठ असते. जादा सरस बाहेर आला आणि पट्टी केसभर खाली बसली, की दाब एकदम उतरतो. तबलीच्या मध्यापर्यंत तर त्याचा जबडा पोचतच नाही.

यावर वाद्य बनवणाऱ्यांचा जुना उपाय आहे. खाली एक भक्कम फळी, वर दुसरी, आणि मधल्या अंतरापेक्षा थोड्या लांब कामट्या वाकवून उभ्या अडकवायच्या. कामटीचं एक टोक वरच्या फळीला टेकतं, दुसरं चिकटवायच्या पट्टीला दाबतं. उभी काठी कोणत्या भाराला वाकते याचं गणित गणितज्ञ ऑयलर यांनी 1744 मध्ये मांडलं. त्यातली कामाची गोष्ट अशी, की काठी एकदा वाकली की ती थोडी वाकवा किंवा जास्त, तिचा रेटा जवळजवळ तेवढाच राहतो. पट्टी खाली बसली तरी दाब टिकतो. प्रत्येक कामटी सारखी कापली, तर सगळीकडे दाबही सारखा. इतकं स्वस्त आणि इतकं समजूतदार अवजार मला दुसरं माहीत नाही.

60 सेंमी लांब, 1 सेंमी रुंद, 4 मिमी जाडीची बांबूची कामटी साधारण दोन किलोचा रेटा देते. रुंदी दुप्पट केली तर रेटा दुप्पट, लांबी निम्मी केली तर चौपट, आणि जाडी दुप्पट केली तर आठपट. म्हणून कामट्या तासताना जाडीवर नजर हवी. आपल्या नाशिक जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे बांबू होतो. वाळलेला, सरळ पेरांचा निवडावा. टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले की कामटी सटकत नाही. कामटी सुटली तर डोळ्याला लागू शकते, तेव्हा चष्मा घालूनच काम करावं.

जाडीचा तोच घनाचा नियम तबलीलाही लागू आहे. 3 मिमीची तबली 2.7 मिमी झाली की तिचा ताठपणा सुमारे 27 टक्क्यांनी घटतो. त्यामुळे रंध्याइतकंच मोजमापाचं साधन चांगलं हवं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत वापरतात तसला डायल गेज खोल जबड्याच्या चौकटीत बसवला, तर तबली मध्यापर्यंत मोजता येते.

नाशिकच्या पावसाळ्यात मात्र पट्ट्या चिकटवू नयेत. लाकूड दमट हवेत रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. फुगलेल्या तबलीवर आडव्या पट्ट्या बसवल्या, तर एप्रिलच्या कोरड्या हवेत तबली आकसू पाहते, पट्ट्या तिला आकसू देत नाहीत, आणि ती रेषेवर तडकते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली, की हे काम काढावं.