झुणका आणि पिठलं: पीठ एकच, काम वेगळं

खाणावळीच्या फलकावर ‘झुणका-भाकर’ लिहिलेलं असतं आणि ताटात येते ती पातळ पिठल्याची वाटी. घरोघरीही हेच. कुणी झुणका म्हणतं तेव्हा त्याच्या मनात सरसरीत पिठलं असतं, कुणी पिठलं म्हणतं आणि त्याला हवा असतो उलथन्याने मोकळा केलेला, कांद्याने भरलेला झुणका. विदर्भात तर शिजलेल्या पदार्थालाच बेसन म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे तिथे बाहेरून आलेल्या माणसाचा गोंधळ आणखी वाढतो.

कोणी कशाला काय म्हणावं याबद्दल माझा आग्रह नाही. पण घरात दोघंही कामावर जात असतील, संध्याकाळी सात-साडेसातला स्वयंपाकाला हात लागत असेल आणि महिन्याचा किराणा मोजून भरावा लागत असेल, तर या दोन पदार्थांतला फरक नीट माहीत असायला हवा. दोन्ही हरभऱ्याच्या डाळीच्या पिठाचे, दोन्ही स्वस्त, दोन्हींना भाजी चिरायची फारशी कटकट नाही. तरी एकाच्या जागी दुसरा चालत नाही. पिठलं पुरवठ्याला येतं, झुणका डब्यात जातो.

मुळातला फरक पाण्याचा आहे. पिठल्यात पीठ पाण्यात शिजतं. मध्यम वाटीभर, म्हणजे साधारण १०० ग्रॅम पिठाला तीन ते चार वाट्या पाणी लागतं: भाकरीबरोबर खायचं तर तीन, भाताबरोबर खायचं तर चार. झुणक्यात तेवढ्याच पिठाला अर्धी ते पाऊण वाटी पाणी पुरतं, कारण तिथे पीठ शिजवायचं काम कांद्याचा ओलावा, तेल आणि झाकणाखालची वाफ करते. बाकीचे सगळे फरक, म्हणजे तेल किती, वेळ किती, टिकतं किती आणि कशाबरोबर खायचं, हे या एका गोष्टीतून निघतात.

आधी पिठलं. तेलात मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता, हळद. कांदा हवा तर घालावा, नसला तरी अडत नाही. त्यावर पाणी आणि मीठ घालून उकळी आणायची. पीठ वेगळ्या भांड्यात थोड्या गार पाण्यात कालवून ठेवायचं आणि उकळत्या पाण्यात एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. कालवायचं पाणी गारच हवं. गरम पाण्यात कोरडं पीठ पडलं की त्यातला स्टार्च बाहेरच्या बाजूने लगेच फुगतो, चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच अडकून पडतं. गाठी होतात त्या अशा.

काही घरांत हीच गाठ मुद्दाम केली जाते. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ हळूहळू वैरायचं, फार ढवळायचं नाही, मग मंद आचेवर झाकण ठेवून गाठी आतपर्यंत शिजू द्यायच्या. हे गाठीचं पिठलं ज्यांना आवडतं त्यांना दुसरं नको असतं. पण घाईच्या दिवशी ते टाळावं असं माझं मत आहे, कारण गाठीच्या पोटातलं पीठ कच्चं राहण्याचा धोका असतो. कच्च्या पिठाचा वास तोंडात रेंगाळतो आणि मुलांची पोटं फुगतात.

पीठ ओतल्यावर पिठलं लगेच दाट होतं, म्हणून ते झालं असं वाटतं. ते झालेलं नसतं. मंद आचेवर आणखी सहा-सात मिनिटं ते रटरटलं पाहिजे. झाकण तिरकं ठेवावं, कारण उकळत्या पिठल्याचे थेंब उडतात आणि चांगलेच चटके बसतात. कडेला तेल दिसू लागलं, कच्चट वास गेला, चकाकी आली की गॅस बंद. उतरवताना ते हवं त्यापेक्षा थोडं पातळच असू द्यावं. ताटात येईपर्यंत ते दाटतं, आणि जेवायला कुणी उशिरा येणार असेल तर आणखी दाटतं. तेव्हा गार पाणी न घालता उकळतं पाणी घालून पुन्हा एक उकळी आणावी.

पिठल्याचा मोठा गुण हा की ते वाढवता येतं. ऐन वेळी पाहुणा आला तर फोडणीच्या वाटीत एक मिरची जास्त, कढईत वाटीभर पाणी आणि दोन चमचे कालवलेलं पीठ, आणि ताट वाढतं. वाटीभर पिठाचं पातळ पिठलं भाताबरोबर चार-पाच जणांना पुरतं. शिवाय डाळ भिजवणं नाही, कुकरच्या शिट्ट्या नाहीत, त्यामुळे गॅसही कमी जळतो. भात एका शेगडीवर लावला तर तो होईपर्यंत दुसऱ्या शेगडीवर पिठलं तयार असतं.

त्याचे भाऊबंदही याच कामाचे. आंबट ताक उरलं असेल तर अर्धं पाणी आणि अर्धं ताक घेऊन ताकातलं पिठलं करावं. उकळी येईपर्यंत ढवळत राहिलं तर पिठामुळे ताक फुटत नाही. (कढीतही पीठ त्यासाठीच असतं, पण तिथे ते चमचा-दोन चमचे. कढीत मुख्य ताक, इथे मुख्य पीठ.) ताकातलं पिठलं लोखंडी कढईत मात्र करू नये, आंबटाने रंग काळपट होतो आणि चव लोखंडाची लागते. कोकणात हरभऱ्याच्या जागी कुळीथ येतात. भाजून, सालं काढून दळलेल्या कुळथांची पिठी लसणाची फोडणी आणि आमसूल घालून पातळ करतात आणि गरम भातावर ओतून घेतात. पावसाळ्यात भाजी महाग आणि मासे कमी, तेव्हा किती घरांची जेवणं या पिठीवर निघतात.

आता झुणका. याला कांदा लागतोच, आणि भरपूर. वाटीभर पिठाला दोन मोठे कांदे धरा. तेलही जास्त लागतं: पिठल्याला दोन चमचे पुरतात, झुणक्याला चार-पाच. इथे हात आखडला तर पीठ कोरडं राहतं आणि खाताना घशाला तोठरा बसतो. स्वस्ताईच्या हिशेबात हा झुणक्याचा उणा भाग आहे, तो मान्य करून पुढे जावं.

फोडणीत लसूण लालसर झाला की कांदा घालायचा आणि तो मऊ होईपर्यंत परतायचा. मग हळद, लाल तिखट किंवा सातारा-कोल्हापूरकडे घरोघरी असतो तो कांदा-लसूण मसाला. त्यावर कोरडं पीठ. तीन-चार मिनिटं मंद आचेवर पीठ खमंग वास येईपर्यंत परतायचं, आणि ही पायरी गाळायची नाही. पिठल्याला कच्चटपणा घालवायला भरपूर पाणी आणि उकळी मिळते, झुणक्याला ती मिळत नाही, म्हणून त्याचं अर्धं शिजणं या परतण्यातच व्हायला हवं. मग मीठ, आणि हाताने पाण्याचे हबके. एकदम ओतायचं नाही. हबका मारायचा, उलथन्याने हलवायचं, झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ, पुन्हा हबका. असं तीनदा केलं की पीठ फुलतं आणि मोकळं होतं. शेवटची वाफ थोडी लांबवली तर तळाशी खरवड धरते. लोखंडी कढई किंवा तवा असेल तर ही खरवड विशेष चांगली होते, आणि घरात तिच्यावरून भांडणं होतात ती उगाच नाही.

दुसरी रीत आहे पीठ सारख्याच मापाच्या पाण्यात कालवून फोडणीत ओतायची आणि आटवत आटवत घट्ट करायची. याचा झुणका मऊ, थोडा गोळेदार होतो. म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना हा सोसतो. हेच मिश्रण जरा जास्त पाण्यात शिजवून, घट्ट गोळा करून, तेल लावलेल्या ताटात थापलं आणि वर खोबरं-कोथिंबीर पसरून कापलं की वड्या झाल्या. विदर्भात त्याच पाटवड्या झणझणीत रश्श्यात सोडतात. पण तो रविवारचा स्वयंपाक.

डब्यासाठी झुणका का, हे एव्हाना लक्षात आलं असेल. तो सांडत नाही, भाकरीवर किंवा पोळीत गुंडाळून नेता येतो, गार झाला तरी चव जात नाही. पिठलं गार झालं की थिजतं, आणि कामाच्या ठिकाणी गरम करायची सोय नसेल तर ते खाववत नाही. १९९५ साली महाराष्ट्रात युतीचं सरकार आलं तेव्हा १ रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं सुरू झाली. त्या योजनेचं राजकारण बाजूला ठेवू. पण रस्त्यावर उभ्याने खाणाऱ्या माणसाच्या हातात भाकरी ठेवून तिच्यावरच वाढता येईल असा पदार्थ झुणकाच आहे, पिठल्याला वाटी लागते. उलट सिंहगड चढून दमलेला माणूस बसून जेवतो, त्याच्यापुढे गरम पिठलं-भाकरी येते आणि तिथे तेच शोभतं.

आणखी एक पदार्थ झुणक्याच्या नावाखाली खपतो, तो म्हणजे पीठ पेरलेली भाजी. ढोबळी मिरची, कोबी, कांदापात, मेथी, मुळ्याचा पाला यांत दोन-तीन चमचे पीठ भुरभुरून वाफ काढतात. तिथे भाजी मुख्य आणि पीठ जोडीला. भाजीचे भाव चढले की ही युक्ती फार उपयोगाची: एक जुडी पाच जणांना पुरवायची असेल तर पीठ पेरा. पण तिला झुणका समजून वाटीभर पीठ ओतलं तर भाजी हरवते आणि झुणकाही होत नाही.

आणि रावण पिठलं. नाव पिठल्याचं, पण त्यात पीठ, तिखट आणि तेल समसमान असतं. ज्यांना झेपतं त्यांनी जरूर खावं. रोजच्या काटकसरीच्या स्वयंपाकात वाटीभर तेल बसत नाही आणि मुलांच्या ताटात तेवढं तिखटही नाही.

मग आठवड्यात काय कधी? माझा साधा नियम असा. रात्री घरी सगळे एकत्र जेवणार आणि भात आहे, तर पिठलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डबे भरायचे आहेत, तर झुणका. कांदा महागला, तर पिठलं, कारण त्याचं कांद्यावाचून भागतं. तेल संपत आलंय, तरीही पिठलं. भाकऱ्या सकाळच्या उरल्या आहेत आणि कडक झाल्या आहेत, तर पातळ पिठल्यात कुस्करून खाव्यात. ताज्या मऊ भाकरीबरोबर मात्र झुणका, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा यांच्यापुढे मला पिठलं आठवत नाही.

पोषणाच्या बाजूने दोघांत डावं-उजवं करायचं कारण नाही. हरभऱ्याच्या पिठात १०० ग्रॅमला साधारण २० ते २२ ग्रॅम प्रथिनं असतात. लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांचे घटक. ज्वारी-बाजरीत आणि तांदळात जे लायसिन कमी पडतं ते डाळीत भरपूर असतं, आणि डाळीत जे मेथिओनिन कमी असतं ते धान्यातून मिळतं. भाकरीबरोबर बेसन किंवा भाताबरोबर पिठी ही जोडी त्यामुळे पक्की आहे. वरून लिंबू पिळलं तर पिठातलं लोह अंगी लागायला मदत होते. पोटात वारा धरणाऱ्यांसाठी फोडणीत हिंग आणि चिमूटभर ओवा.

राहिलं पीठ. बाजारातलं पाकिटबंद बेसन अगदी बारीक असतं. ते पिठल्याला उत्तम, पण झुणक्यात चिकट होतं. हरभऱ्याची डाळ आणून गिरणीत किंचित रवाळ दळून घेतली तर झुणका मोकळा होतो आणि पिठलंही बिघडत नाही, फक्त दोन मिनिटं जास्त शिजवावं लागतं. सुटं, फार स्वस्त बेसन घेताना जपावं, त्यात वाटाण्याच्या डाळीचं पीठ मिसळलेलं असू शकतं. दळण महिन्याभराला पुरेल इतकंच करावं आणि डबा कोरडा ठेवावा. पावसाळ्यात पिठाला कीड लवकर लागते.

आणि उरलं तर? रात्रीचं पिठलं झाकून फ्रिजमध्ये ठेवावं. सकाळी त्यात ज्वारीचं आणि गव्हाचं पीठ, बारीक कांदा, कोथिंबीर घालून भिजवलं की थालीपिठं होतात, तिखट-मीठ वेगळं घालायची गरज पडत नाही. झुणका उरला तर तव्यावर तेलाचे थेंब टाकून परतावा आणि पोळीत भरून दुमडून शेकावा. शाळेच्या डब्यातून तो परत येत नाही.