चांदीवरची ‘ॲनी’

बोटाच्या दोन पेरांएवढा चांदीचा पातळ पत्रा. कडेने आयव्ही या वेलीची पानं, मधोमध उठावाच्या अक्षरांत नाव, ‘ॲनी’. उलटा केला तर मागे एक पिन आणि ती अडकवायला साधा वळवलेला हूक. विक्टोरियन काळाच्या उत्तरार्धात, विशेषतः १८८० नंतर, इंग्लंडमध्ये कपड्यावर टाचायचे असे नावांचे ब्रोच भरपूर निघाले.

त्याआधी तिथल्या दागिन्यांवर सुतकाची छाया होती. डिसेंबर १८६१ मध्ये राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट गेले, राणीने काळा पोशाख अखेरपर्यंत सोडला नाही आणि इंग्लंडमधल्या व्हिटबी गावच्या ‘जेट’ या काळ्याभोर खड्याला उठाव आला. त्या काळ्याचा कंटाळा आला तेव्हाच चांदी स्वस्त होत होती. १८५९ मध्ये अमेरिकेत नेवाडात कॉमस्टॉकची खाण सापडली होती, पुढे १८७० च्या दशकात जर्मनीने चलन सोन्यावर नेऊन जुनी चांदी विकायला काढली. लंडनमध्ये साठ पेन्स औंसाच्या आसपास असलेला भाव १८९४ पर्यंत निम्म्यावर आला. आपला रुपया चांदीचा, तोही या घसरणीत सापडला आणि १८९३ मध्ये सरकारने लोकांची चांदी घेऊन नाणी पाडून देणं बंद केलं. इकडे जे संकट, ते बर्मिंगहॅमच्या दागिनेवाल्यांच्या पथ्यावर पडलं.

पोलादी ठशाखाली पत्रा दाबायचा, वर हाताने चार चकचकीत रेघा कोरायच्या. नेहमीची नावं तयारच असत, म्हणजे लिझी, नेली, फ्लॉरेन्स, एमिली. गिऱ्हाइकाने त्यातलं आपलं उचलायचं. घाऊक मालच हा, पण छातीवर नाव लागलं की तो घाऊक राहत नसे. सोनं न परवडणाऱ्या घरातही अशी भेट देता येऊ लागली.

नावाभोवतीच्या नक्षीलाही अर्थ होता. आयव्ही धरलेलं सोडत नाही, म्हणून निष्ठा. पाकोळी घरट्याकडे परतते, म्हणून दूर गेलेल्या माणसाची वाट. काही ब्रोचवर मात्र बाईचं नाव नसून ‘मिझ्पा’ हा शब्द असतो. बायबलच्या उत्पत्तीच्या ३१ व्या अध्यायातला हा शब्द, अर्थ असा की आपण एकमेकांच्या नजरेआड असताना परमेश्वर दोघांवर लक्ष ठेवो. प्रेमिकांनी तो विरहाचा आशीर्वाद मानला. मूळ प्रसंग मात्र निराळाच आहे. लाबान आणि याकोब, सासरा-जावई, एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, आणि माझ्या पोरींना छळलंस तर देव बघतोय, असा दम सासरा देतोय! अर्थ असा पुरता फिरला तरी कुणाचं काही बिघडलं नाही. पहिल्या महायुद्धातही हे दागिने दिले-घेतले गेले.

ब्रोचच्या मागे भिंग लावलं तर बरंच कळतं. जहाजाचा नांगर म्हणजे १७७३ पासून चालत आलेल्या बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीची खूण, चालता सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी, शेजारचं अक्षर म्हणजे साल. पुष्कळ लहान ब्रोचवर यातलं काहीच नसतं. आपल्याकडे लग्नात आलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख मशीनने टिकटिक करून घातलेली असते, घेणारीचं नाव असेल-नसेल. इथे उलटं. ॲनीचं नाव ठसठशीत आहे, आडनाव नाही, आणि ज्याने दिला त्याचं नाव कुठेच नाही.