पार्श्वभूमी : ‘दुर्मीळ’ ग्रंथ आणि कोकणातला ग्रंथपाल

कोकणात पोथ्या असायच्या त्या मठांत, देवळांत नाहीतर भिक्षुकांच्या माळ्यावर, लाल रुमालात बांधलेल्या. तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून मला राख, अशी पोथीची विनवणी लेखनिकच शेवटी लिहून ठेवत. जतनाचं शिक्षण म्हणाल तर तेवढंच. रत्नागिरीत १८२८ साली वाचनालय निघालं आणि पोथीशेजारी छापील पुस्तक आलं.

१९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानं गावोगावची वाचनालयं अनुदानात आली. अ, ब, क, ड वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या मोजतात. तिथे शिळाप्रेसवरचं, म्हणजे दगडावरून छापलेलं जुनं पुस्तक एक आणि कालची कादंबरीही एकच.

घोळ आहे तो ‘दुर्मीळ’ या शब्दात. १९७२च्या पुरावस्तू कायद्यात हस्तलिखिताला ७५ वर्षांची अट आहे, इतर वस्तूंना १००. छापील पुस्तकाचं वेगळं नावच नाही. त्यामुळे कुणी १९००ची रेघ ओढतं, कुणी १९४७ची. वयाची ही पट्टी फसवी आहे. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या कागदावरचं १८४०चं पुस्तक अजून मऊ लवतं. १९४०चं, लाकडाच्या लगद्याचं, आम्लानं तपकिरी होतं आणि कोपरा दुमडला की खारी बिस्किटासारखा हातात येतो. पहिलं काचेच्या कपाटात जातं. दुसऱ्यावर ‘जीर्ण’ असा शेरा पडतो, ते निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून काढून टाकायच्या यादीत चढतं आणि रद्दीत निघतं, दुसरी प्रत कुठे आहे का हे न पाहताच. कागद बोटांनी ओळखणारा माणूस ती यादी करायला बसला असता तर निम्मी नावं गळली असती.

तो माणूस घडतो कुठे? ग्रंथालयशास्त्राच्या वर्गात वर्गीकरण आणि तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांची सूची करणं. मोडी शिकायची तर वेगळा वर्ग, पोथीवरचा हरताळाचा पिवळा रंग म्हणजे डाग नव्हे, लेखनिकाची दुरुस्ती आहे, हे समजायला तिसरीकडे. बांधणी बाइंडरकडे; तो कडा सारख्या करताना समासातल्या टिपाही कापून टाकतो.

चिपळुणात २००५ आणि २०२१, दोन्ही जुलैंतल्या पुरांत पुस्तकं भिजली. ओलं पुस्तक दोन दिवसांत बुरशी धरतं. उन्हात टाकायचं नाही. पानांत टीपकागद, सावली, पंखा. हात कमी आणि पुस्तकं हजारो असतील तर गोठवायची, मग सवडीनं वाळवायची. मासळी गोठवणारे कारखाने रत्नागिरीत आहेत. त्यांचा नंबर ग्रंथपालाच्या वहीत पावसाआधीच हवा.