त्रेसष्ट की साठ तीन? गणिताच्या सॉफ्टवेअरमागची पार्श्वभूमी

नागपूर जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळांत टॅब आणि टच बोर्डवर गणित शिकवण्याची चर्चा निघाली की गाडी हमखास यंत्रांच्या आकड्यावर येते. किती पोचले, किती बंद पडले, बिल कोणी भरायचं. पोचलेलं यंत्र मुलाशी काय बोलतं, याकडे फारसं कोणी वळत नाही. या टिपणात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

1967 साली अमेरिकेत लोगो ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार झाली. पडद्यावरच्या कासवाला ‘इतकं पुढे जा, इतक्या अंशांत वळ’ असं सांगता सांगता मुलाला भूमिती कळावी, ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे 1984 च्या केंद्रीय योजनेतून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले, तेही वरच्या वर्गांसाठी. पहिली-दुसरीची मुलं या सगळ्यापासून लांबच राहिली. मग सीडी आल्या, पेनड्राइव्ह आले. 2015 मध्ये राज्याने प्रगत शैक्षणिक कार्यक्रम हाती घेतला, गावोगाव लोकवर्गणीतून प्रोजेक्टर बसले आणि ‘डिजिटल शाळा’ हे नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. त्यातलं बरंचसं साहित्य नावालाच संवादी होतं. चित्रफीत चालायची आणि शेवटी ‘पुढे’ असं बटण यायचं. मुलाने संख्या मांडायला दशकांचे दांडे बोटाने सरकवावेत आणि ते चुकलं तर यंत्राला कळावं, ही सोय स्वस्त टचस्क्रीन आल्यावरच हाताशी आली.

तेवढ्यात 2019 उजाडलं. दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात 21 ते 99 या संख्या ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशा वाचायला सुचवलं होतं. राज्यात एकच गदारोळ उठला. मराठीचा गळा घोटला इथपासून ते बाजारात सुटे पैसे कसे मोजायचे इथपर्यंत. विधिमंडळात तर तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांच्या आडनावातला ‘वीस’ पकडून कोट्या झाल्या, आणि ते मुख्यमंत्री नागपूरचेच. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे इथे पुस्तकाआधी भांडण पोचलं. दुसरीचं पान उघडून न पाहताच अनेकांचं मत बनलं होतं.

पुस्तकाच्या बाजूने मुद्दा साधा होता. 63 लिहिताना आधी सहा, मग तीन येतात. ‘त्रेसष्ट’ म्हणताना तीन आधी येतो. ऐकून लिहिणारं मूल सहज 36 लिहून मोकळं होतं. ‘एकोणतीस’ची तर तऱ्हाच न्यारी. त्यात तीस ऐकू येतं, पण 29 मध्ये तीन कुठेच नाही. विरोधकांचं म्हणणंही उडवून लावण्यासारखं नव्हतं, कारण घरी, दुकानात, बसमध्ये कोणीही ‘साठ तीन’ म्हणत नाही. शेवटी दोन्ही रीती चालतील, असं ठरलं. वर्गासाठी ही तडजोड शहाणपणाची होती. ‘दोन्ही बरोबर’ म्हणायला तिथे बाई असतात.

सॉफ्टवेअरला मात्र एकच आवाज निवडावा लागतो. इंग्रजीत 1 ते 99 म्हणायला 27 शब्द ध्वनिमुद्रित केले की भागतं: एकोणीसपर्यंतचे एकोणीस आणि पुढचे आठ दशक. बाकीचं जोडून होतं. मराठीत पारंपरिक रीतीने 99 वेगळे उच्चार लागतात. ‘साठ तीन’ची रीत धरली की काम पुन्हा 27 वर. त्यामुळे इंग्रजीवरून बेतलेलं अ‍ॅप मराठीत आणणाऱ्याचा कल कुठे झुकणार, हे उघड आहे. मुलाला सोपं जातं म्हणून एक रीत निवडणं वेगळं आणि काम वाचतं म्हणून निवडणं वेगळं. 2019 च्या गोंगाटात हा फरक कोणी मांडलाच नाही.

नागपुरात गुंता आणखी एका पदराने वाढतो. इतवारीतला दुकानदार ‘तिरसठ’ म्हणतो, घरात ‘त्रेसष्ट’ चालतं आणि सेमी इंग्रजीच्या वर्गात ‘सिक्स्टी थ्री’. पडद्यावर सहा दशक दांडे आणि तीन सुटे असतात, कानावर ‘त्रेसष्ट’ पडतं, मूल पहिल्या चौकटीत 3 टाकतं आणि लाल फुली येते. त्याला संख्या कळली होती, क्रम चुकला. हे बाईंच्या लगेच लक्षात येतं. अ‍ॅपच्या हिशेबात मात्र ती नुसती चूक.

2020 च्या टाळेबंदीत हे सगळं घरात शिरलं. शाळा बंद, पाठ्यपुस्तकावरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा आणि मोबाइल बाबा कामावरून आल्यावर मिळणार. ‘दोन्ही बरोबर’ म्हणणारं माणूस जवळ नव्हतं. 2021 च्या राष्ट्रीय अभियानाने पहिलीअखेर 99 पर्यंत आणि दुसरीअखेर 999 पर्यंत संख्या वाचता-लिहिता याव्यात, असं उद्दिष्ट ठेवलं, आणि सरावाच्या अ‍ॅपना आणखी मागणी आली. आता नव्या राष्ट्रीय धोरणानुसार पहिलीपासून टप्प्याटप्प्याने पुस्तकं बदलत आहेत. अ‍ॅपचा आवाज बंद करून संख्या बाईंनीच म्हणाव्यात, असा उपाय सुचवला जातो. पण मग अख्ख्या वर्गाला एकाच संख्येवर थांबावं लागतं. प्रत्येकाने आपल्या गतीने जावं म्हणून टॅब घेतले, तो हेतूच बाजूला पडतो.