जळते ते आणि उरते ते

नागपुरात धावणाऱ्या अनेक ई-रिक्षांच्या सीटखाली बारा व्होल्टच्या चार शिसे-आम्ल बॅटऱ्या असतात. त्या बसल्या की कबाड्याकडे जातात. तेथून त्या परवानाधारक कारखान्यात पोचल्या, तर त्यांतले शिसे पुन्हा नव्या बॅटरीत येते. मात्र एखाद्या शेडमध्ये त्या फोडल्या, आम्ल नालीत ओतले आणि आतले शिशाचे पत्रे भट्टीत टाकले, तर गोष्ट वेगळी होते. शिसे ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळते, त्यामुळे कोळशाची साधी भट्टीही त्याला पुरते. तिच्या धुरातून आणि धुळीतून ते आसपासच्या मातीत उतरते आणि तेथे खेळणाऱ्या मुलांच्या रक्तात जाते. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

भट्टीने शिसे नष्ट का होत नाही, हे समजले की घातक कचऱ्याचे निम्मे शास्त्र समजते. रंगाचे थिनर, कीटकनाशकांचे अवशेष, औषध कारखान्यांतले द्रावक हे सारे रेणू आहेत आणि रेणू उष्णतेने तोडता येतात. त्यासाठी दाहकाच्या, म्हणजे कचरा जाळण्याच्या खास भट्टीच्या, दुसऱ्या कक्षात वायूंना सुमारे ११०० अंशांवर किमान दोन सेकंद ठेवतात. पुढे ते वायू झपाट्याने थंड करावे लागतात, कारण साधारण २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात ते रेंगाळले तर डायॉक्सिन ही अत्यंत विषारी संयुगे नव्याने तयार होऊ शकतात. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याकडे ना ते तापमान असते, ना ती घाई.

शिसे, पारा, कॅडमियम आणि क्रोमियम ही मूलद्रव्ये आहेत, त्यांचा अणू कोणत्याही आगीत मोडत नाही. त्यांचे रूप तेवढे बदलता येते. क्रोम-प्लेटिंगच्या पाण्यातले षट्संयुजी क्रोमियम पाण्यात सहज विरघळते आणि ते कर्करोगकारक आहे. आम्लयुक्त पाण्यात फेरस सल्फेट घातले की ते पुष्कळच कमी विषारी अशा त्रिसंयुजी रूपात येते, आणि मग चुना घातल्यावर गाळ होऊन तळाशी बसते. विष पाण्यातून निघते, गाळ मात्र उरतो.

विदर्भातल्या कारखान्यांचा असा कचरा बुटीबोरीच्या सामायिक प्रक्रिया केंद्रात जातो. गाळात सिमेंट किंवा चुना मिसळून तो घट्ट केला जातो आणि मग अभियांत्रिकी भरावात पुरला जातो. भरावाच्या तळाशी चिकणमातीचे दाबलेले थर, त्यांवर जाड प्लास्टिकचे अस्तर आणि झिरपणारे पाणी गोळा करणाऱ्या नळ्या असतात. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात भेगाळते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. तशी माती वापरायची तर ती योग्य ओलाव्यावर दाबून, वाळण्याआधीच झाकावी लागते, कारण खालच्या काळ्या पाषाणाच्या फटींतून पाणी विहिरींपर्यंत पोचू शकते.

म्हणूनच मला कचरा मुळात कमी करण्याचे उपाय अधिक मोलाचे वाटतात. प्लेटिंगनंतर भाग एकाच टाकीत धुण्याऐवजी ओळीने तीन टाक्यांत, पाण्याचा प्रवाह भागांच्या उलट दिशेने ठेवून धुतले, तर पाणी कितीतरी कमी लागते. शिवाय पहिल्या टाकीतले दाट पाणी पुन्हा प्लेटिंगच्या टाकीत घालता येते, म्हणजे जे क्रोमियम गाळ झाले असते ते वस्तूवरच चढते. गॅरेजमधले जळके ऑइल परवानाधारक कारखान्यात शुद्ध होऊन पुन्हा वापरात येऊ शकते, पण त्यात थिनर किंवा बॅटरीचे आम्ल मिसळले की ते काम अवघड होते आणि महागही पडते. नालीत ओतलेले ऑइल नाग नदीतून कन्हानला आणि पुढे वैनगंगेला मिळते.

भराव बंद झाल्यावरही भोवतालच्या विहिरींचे पाणी तीस वर्षे तपासत राहावे, असा निकष आहे. आत पुरलेले शिसे एकतिसाव्या वर्षीही शिसेच असते.